तुम्ही विचारलंत म्हणून : चारी बाजूंना कलमं, मग साउंडप्रूफ कोणासाठी?

घर बघायला येणारा प्रत्येक जण आमच्या सिनेमा बघायच्या खोलीशी, म्हणजे होम थिएटरशी, थांबतो, जाड दार दोनदा उघडझाप करून बघतो आणि मग विचारतो, "अहो, चारी बाजूंना हापूसची कलमं, सगळ्यांत जवळचं घर दोनशे पावलांवर. हे साउंडप्रूफ केलंत कोणासाठी?" गेल्या गणपतीत हा प्रश्न मी सात वेळा ऐकला, त्यातला दोनदा मेहुण्याकडून. तेव्हा एकदाच सविस्तर सांगून टाकतो.

पहिलं कारण पाऊस. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. स्लॅब गळू नये म्हणून वरून पत्रा घालायची आता सगळीकडे रीत झालीय. त्या पत्र्यावर आषाढातली सर आली की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. अशा वेळी पडद्यावर दोघं कुजबुजत असतात, आपण आवाज वाढवत जातो, आणि पुढच्याच क्षणी गोळीबार सुरू होतो. म्हणजे माझा आवाज बाहेर जाऊ नये यापेक्षा बाहेरचा आत येऊ नये, ही निकड मोठी होती. भिंतीला दोन्ही सारखंच.

दुसरं कारण काकी. वय ८४, झोप माजघरात, रात्री नऊला दिवा बंद. आणि कायद्याचं म्हणाल तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या वाडीत ते मोजायला कोणी येणार नाही. काकी मात्र रोज मोजते.

आता काम कसं केलं ते. मुंबईच्या भावाने सांगितलं, अंड्यांचे ट्रे चिकटव. तालुक्याच्या एका इंटिरिअरवाल्याने काळ्या फोमच्या टोकदार तुकड्यांचं कोटेशन दिलं. दोघांचीही गल्लत एकच. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, संवाद स्वच्छ ऐकू येतात, ते मीही नंतर पडदे आणि गालिचा घालून केलंच. पण आवाज अडवायला फोमचा उपयोग घोंगडीने पाणी अडवण्याइतकाच. अडवायला वजन लागतं आणि फट बुजवावी लागते. हे गवंड्याचं काम, आणि ते प्लॅस्टरच्या आधी ठरवायचं. कोकणात ज्याला गळती शोधता येते त्याला हे निम्मं आधीच येत असतं.

भिंती नऊ इंची चिऱ्याच्या. वजनाला प्रश्न नव्हता. पण जांभ्याला अंगचीच भोकं, आणि आमच्याकडे चिरा दिसावा म्हणून प्लॅस्टर न करता नुसते दर्जे, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरतात. मेस्त्रींनाही तेच हवं होतं, चिरे निवडून लावले होते त्यांनी. एके रात्री मी खोलीत दोनशे वॉटचा बल्ब लावला, खिडकीच्या जागी प्लायवूड ठोकलं आणि मेस्त्रींना बाहेर कलमाखाली उभं केलं. काळ्या भिंतीत उभ्या सांध्यांतून बारीक उजेड चमकत होता, काजव्यांनी लगडलेल्या झाडासारखा. मेस्त्री चार वेळा पुढे गेले, बोट घालून आले. दुसऱ्या दिवशी काही न बोलता सगळे उभे सांधे पुन्हा खणून मालाने ठासून भरले आणि दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर केलं. खिडकी मग ठेवलीच नाही.

त्याच्या आत दुसरी भिंत. जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांची फ्रेम, चिऱ्यापासून दोन इंच सुटी, वरखाली रबराच्या पट्टीवर बसवलेली. फ्रेममध्ये रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, आणि त्यावर १२.५ मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड दोन थरांत, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येणार नाही असे. दोन थर कशाला? भिंतीचं वजन दुप्पट केलं तर हिशेबाने साधारण ६ डेसिबल जास्त अडतात, प्रत्यक्षात थोडे कमीच. आणि कानाला आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल उतरावे लागतात. नुसत्या वजनाने जायचं तर चिऱ्याची भिंत किल्ल्यासारखी करावी लागली असती. दोन भिंती एकमेकींना न शिवता उभ्या केल्या की तोच परिणाम बऱ्याच कमी वजनात मिळतो.

न शिवता, हे महत्त्वाचं. "ह्यां काय बांधतास, तिजोरी?" असं मेस्त्रींनी विचारलं होतं, पण सुताराला हसूसुद्धा आलं नाही, त्याला राग आला. हलणारी फ्रेम त्याच्या हातून होणं म्हणजे नाचक्की. मी दोन दिवस कणकवलीला होतो. आलो तर फ्रेम खांबासारखी घट्ट. टॉर्च मारून बघितलं, चिरा आणि फ्रेम यांच्यामध्ये फणसाच्या लाकडाच्या पाचरी, मोजून अकरा. "काका, पाचर नाय मारली तर भिंत हलतली." अरे, हलण्यासाठीच तर एवढा खटाटोप! प्रत्येक पाचर म्हणजे आवाजाला साकव. सगळ्या काढल्या, आणि तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. यात गळतीशी फरक आहे : पाण्याला भोक लागतं, आवाजाला नुसता स्पर्श पुरतो.

छपराला पत्र्याऐवजी मंगलोरी कौलं घेतली. पत्रा मृदंगाच्या पुडीसारखा वाजतो, कौल जड आणि तुकड्यातुकड्यांचं, ते तसं वाजत नाही. खाली स्लॅब, आणि स्लॅबला रबरी गुटक्यांच्या हँगरवर टांगलेलं जिप्समचं सीलिंग. यावर सगळ्यांत जास्त पैसे गेले आणि यातला एकही मी परत मागणार नाही.

दाराचा हिशेब मात्र जरूर करून बघा. तीन बाय सातचं दार म्हणजे २१ चौरस फूट. खाली अर्ध्या इंचाची फट ठेवलीत तर ती दाराच्या ०.६ टक्के. या एवढ्याशा फटीमुळे दार शिशाचं केलंत तरी २२ डेसिबलच्या पुढे काही अडवत नाही. जुन्या घरात ही फट नसायची, कारण तिथे उंबरठा होता. टाइल्सच्या हौसेपायी आपण उंबरठे काढून टाकले. मी तो परत बसवला. चौकटीला चारी बाजूंनी दबणारं रबर लावलं, कारण आमच्याकडे दार श्रावणात फुगतं आणि चैत्रात आक्रसतं. काकी पहिल्या दिवशी त्या उंबरठ्याला हळदकुंकू लावून गेली.

एवढी बंदिस्त खोली किनाऱ्यावर करायची म्हणजे बुरशीला आमंत्रण. आपली घरं वारा खेळावा म्हणून बांधलेली, आणि ही खोली वाराच नको म्हणते. म्हणून ती नैर्ऋत्येकडे, पावसाच्या तोंडावर, घेतलीच नाही. पूर्वेला घेतली. बोर्ड ओलावा सोसणारे हिरवे, आत लाकूड शून्य, वाळवीला काही ठेवलं नाही. आणि हे ध्यानात घ्या, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. सात-आठ माणसं अडीच तास बसली की डोकी जड होतात. त्यासाठी आतून लोकरीचं अस्तर लावलेला, दोन वळणं घेतलेला डक्ट, म्हणजे हवेचा बोगदा, आणि पंखा पार पडवीत. हवा वळते, आवाज त्या अस्तरात जिरतो. विजेचे बोर्ड दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवू नका, तिथे भिंत कागदाएवढी उरते.

सबवूफर, म्हणजे घुमणाऱ्या खालच्या सुरांचा स्पीकर? तो पूर्ण कधीच अडला नाही. ३० हर्ट्झच्या सुराची एक लाट ११ मीटरहून लांब असते, तिला माझ्या भिंतीचं काय कौतुक. खाली जाड रबर घातलं, कोपऱ्यातून बाहेर ओढला, तरी काकी एकदा सकाळी म्हणालीच, "रे, रात्री माझ्या पोटात काय गडगडत होता?" तेव्हापासून नऊनंतर त्याचा आवाज निम्म्यावर.

पहिल्या जूनमध्ये सगळे जमलो. बाहेर धो धो, आत पावसाची फक्त लांबची सळसळ. पडद्यावर अंत्ययात्रा चाललेली, खोलीत चिडीचूप, आणि त्या शांततेत कोणीतरी स्पष्ट म्हणालं, "डराँव." बायकोने माझ्याकडे बघितलं. पुन्हा "डराँव." स्पीकर तपासले, सोफ्याखाली बघितलं. शेवटी कान लावत लावत एसीपाशी पोचलो. एवढा हिशेब करून ठेवलेल्या भिंतीतून एसीचं पाणी न्यायला इंचभर नळी सरळ बाहेर काढलेली होती आणि तिच्या बाहेरच्या तोंडाशी बेडूक बसला होता. नळीचा त्याला कर्णाच झालेला.

दुसऱ्या दिवशी प्लंबरकडून बेसिनखाली असतो तसा यू आकाराचा तुकडा जोडून घेतला. त्यात पाणी साचून राहतं, फट बंद. थंडीत एसी चालत नाही, पाणी सुकतं, म्हणून वरून पाणी ओतायला टोपणाचं एक तोंड ठेवलंय. मार्गशीर्ष-पौषात दर पंधरवड्याला मी मागीलदारी जाऊन त्यात भांडंभर पाणी ओततो. मेहुण्याने ते बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, हे कशासाठी?