शंभर शेअर, एक केबिन: क्रूझ कंपन्यांच्या भागधारक सवलतीचा हिशेब

फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलच्या आसपास राहणाऱ्या माणसाला क्रूझ हा विषय टाळता येत नाही. हिवाळ्यात शनिवार-रविवारी पोर्ट एव्हरग्लेड्सच्या धक्क्यांवर प्रचंड बोटी रांगेने उभ्या असतात, आणि इथल्या निवृत्त मंडळींच्या गप्पांत बोट, बंदर आणि केबिन यांच्या जोडीला शेअरचाही उल्लेख हमखास येतो. क्रूझ कंपनीचे शंभर शेअर घेऊन ठेवले की प्रत्येक सफरीत बोटीवरच्या खर्चासाठी काही डॉलर जमा होतात, ही गोष्ट इथे शेजारीपाजारी सर्रास सांगितली जाते. भारतातल्या नातेवाइकांकडून आणि मित्रांकडूनही आता मला याबद्दल विचारणा होऊ लागली आहे. आई-वडिलांना घेऊन कॅरिबियनची सफर करून परतलेले एखादे कुटुंब ही माहिती पुण्या-मुंबईला पोहोचवते आणि मग प्रश्न येतो की आम्हीही हे शेअर घ्यावेत का. म्हणून या सवलतीचा आणि तिच्यामागच्या गुंतवणुकीचा हिशेब इथे नीट मांडते आहे.

आधी सवलतीविषयी. अमेरिकेच्या शेअर बाजारातल्या तिन्ही मोठ्या क्रूझ कंपन्या, म्हणजे कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन, किमान १०० शेअर असलेल्या भागधारकाला ही सवलत देतात. कार्निव्हलच्या डॉलरमध्ये व्यवहार होणाऱ्या बोटींवर सहा दिवसांपर्यंतच्या सफरीला ५० डॉलर, सात ते तेरा दिवसांच्या सफरीला १०० डॉलर आणि चौदा दिवस किंवा त्याहून मोठ्या सफरीला २५० डॉलर मिळतात. बाकी दोघींचे दर थोड्याफार फरकाने असेच आहेत. रॉयल कॅरिबियनने दहा ते तेरा रात्रींसाठी २०० डॉलरचा मधला टप्पा ठेवला आहे. कार्निव्हलच्या छत्राखाली प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड, सीबोर्न आणि कोस्टा असे अनेक ब्रँड येत असल्यामुळे एकाच शंभर शेअरांवर निरनिराळ्या दर्जाच्या बोटींवर हा लाभ घेता येतो, आणि माझ्या मते कार्निव्हलच्या सवलतीचे खरे बळ यातच आहे.

ही रक्कम रोख हातात पडत नाही. ती बोटीवरच्या तुमच्या खात्यात जमा होते आणि पेये, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली किंवा दुकानातली खरेदी अशा खर्चातून वळती होते. कार्निव्हलच्या नियमांनुसार कॅसिनोतला खर्च आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी त्यातून भागवता येत नाही. केबिनमधल्या टीव्हीवर आपल्या खात्याचा तपशील उघडला की शंभर डॉलरची वजावट एका ओळीत दिसते आणि तिच्याखाली दररोज वाढत जाणाऱ्या खर्चाच्या ओळी दिसतात. कार्निव्हलच्या साध्या केबिनमध्ये बक्षिसी दर माणशी दररोज सोळा-सतरा डॉलर असते. म्हणजे दोघांच्या सात दिवसांच्या सफरीत सव्वादोनशे डॉलरच्या आसपास रक्कम केवळ बक्षिसीची होते आणि तिला ही सवलत हातही लावत नाही.

कंपनीच्या बाजूनेही याकडे पाहावे. कार्निव्हलच्या उत्पन्नात तिकिटांखेरीज बोटीवरच्या खर्चाचा वाटा सुमारे एक तृतीयांश असतो. आपल्याला मिळणारे शंभर डॉलर आपण तिथल्या छापील भावाने खर्च करतो, तर कंपनीला त्या कॉकटेलची किंवा मसाजची पडणारी किंमत त्याहून बरीच कमी असते. शिवाय शंभर डॉलर फुकट मिळाले आहेत म्हणून एरवी घेतली नसती अशी सव्वाशे डॉलरची सहल घेणारे लोक मी प्रत्येक सफरीत पाहते. त्यामुळे सवलतीचे मूल्य मोजताना, आपण तो खर्च नाहीतरी करणारच होतो का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. उत्तर होय असेल तरच शंभर डॉलर हे शंभर डॉलर आहेत.

आता मुख्य आकडेमोड. २०२५ च्या उन्हाळ्यात कार्निव्हलचा शेअर तीस डॉलरच्या आसपास होता, म्हणजे शंभर शेअरांना सुमारे तीन हजार डॉलर लागत. वर्षातून एकदा सात दिवसांची सफर करणाऱ्याला १०० डॉलर मिळाले तर ते गुंतवणुकीच्या सव्वातीन टक्के होतात, आणि दोन सफरी केल्या तर साडेसहा टक्के. त्याच काळात रॉयल कॅरिबियनचा शेअर तीनशे डॉलरच्या वर होता. तिथे शंभर शेअरांना तीस हजार डॉलरहून अधिक लागत आणि तेवढीच सफर केली तर तेच १०० डॉलर मिळत, म्हणजे एक तृतीयांश टक्कासुद्धा नाही. शिवाय शंभराच्या वर घेतलेल्या शेअरांवर सवलत एका पैशानेही वाढत नाही. लाभांश प्रत्येक शेअरवर मिळतो, ही सवलत शंभराच्या पहिल्या गठ्ठ्यापाशी थांबते. सवलतीसाठी पाचशे शेअर घेतल्याचे कोणी सांगितले तर त्यांपैकी चारशे शेअर निव्वळ गुंतवणूक आहेत, हे त्या व्यक्तीने लक्षात घ्यायला हवे.

शेअरधारकांना वस्तुरूपाने काही देण्याची प्रथा आपल्याकडेही होती. मुंबईत मरीन लाइन्सच्या बिर्ला मातोश्री सभागारासारख्या ठिकाणी भरणाऱ्या वार्षिक सभांना अल्पोपाहाराच्या डब्यासाठी आणि भेटवस्तूसाठी आवर्जून हजेरी लावणारे भागधारक जुन्या पिढीने पाहिले आहेत. २०१५ पासून लागू झालेल्या सचिवीय मानकांनी, म्हणजे कंपन्यांच्या सभांविषयीच्या नियमांनी, सभेत भेटवस्तू वाटण्यावर भारतात बंदी आणली. क्रूझ कंपन्यांची सवलत सभेशी जोडलेली नाही, ती ग्राहक म्हणून केलेल्या खर्चाशी जोडलेली आहे. पण आपुलकीने दिलेल्या छोट्या भेटीमुळे माणूस कंपनीकडे मऊ नजरेने पाहू लागतो, हा स्वभाव दोन्हीकडे सारखाच आहे, आणि गुंतवणुकीत ही मऊ नजर महाग पडू शकते.

किती महाग, ते २०२० ने दाखवले. फेब्रुवारीत योकोहामाच्या बंदरात डायमंड प्रिन्सेस ही कार्निव्हल समूहातली बोट ३,७११ माणसांसह अडकली. त्यांत १३८ भारतीय होते आणि त्यांतले बहुतेक बोटीवरचे कर्मचारी होते. गोव्यातून आणि मुंबईतून पिढ्यानपिढ्या लोक अशा बोटींवर नोकरीला जात असल्यामुळे ती बातमी आपल्याकडे अनेक घरांत जीव मुठीत धरून वाचली गेली. मार्चमध्ये अमेरिकी बंदरांतून निघणाऱ्या सफरी बंद झाल्या. जानेवारीत पन्नास डॉलरच्या आसपास असलेला कार्निव्हलचा शेअर काही आठवड्यांत दहा डॉलरच्या खाली आला, आणि एप्रिलच्या सुरुवातीला पैसा उभारण्यासाठी कंपनीने स्वतः आठ डॉलर भावाने नवे शेअर विकले, तर काही कर्ज साडेअकरा टक्के व्याजाने काढले. पोर्ट एव्हरग्लेड्सवरून सेलिब्रिटी एज ही बोट प्रवासी घेऊन निघाली ती २६ जून २०२१ ला, आणि अमेरिकेतून पुन्हा सुरू झालेली ती पहिली मोठी सफर होती. मधल्या पंधरा महिन्यांत इथल्या भागधारकांच्या सवलतीचे मूल्य शून्य होते, कारण इथून सफरच नव्हती. कार्निव्हल त्याआधी दर तिमाहीला शेअरमागे ५० सेंट लाभांश देत असे. शंभर शेअरांवर वर्षाला दोनशे डॉलर होत, तेही त्याच वेळी थांबले.

या धंद्याची रचनाच अशी आहे की वादळात सर्व बाजूंनी एकदम मार बसतो. प्रवासी महिनोन्‌महिने आधी पैसे भरतात. चांगल्या दिवसांत हे अब्जावधी डॉलर कंपनीला बिनव्याजी वापरायला मिळतात आणि वाईट दिवसांत तेच परत मागायला लोक रांग लावतात. बोट धक्क्याला उभी असली तरी इंधन, विमा, देखभाल आणि कर्जाचे हप्ते चालूच राहतात.

याहून जास्त काळ टिकणारी जखम मात्र शेअरांच्या वाढलेल्या संख्येची आहे, आणि सवलतीसाठी शेअर घेणारे लोक नेमके तिकडेच पाहत नाहीत. २०१९ मध्ये कार्निव्हलचे ६९ कोटींच्या आसपास शेअर होते आणि नफा सुमारे ३०० कोटी डॉलर, म्हणजे शेअरमागे ४ डॉलर ३२ सेंट. तग धरण्यासाठी कंपनीने इतके नवे शेअर काढले की ही संख्या १२५ कोटींच्या वर गेली. आज तेवढाच नफा झाला तरी शेअरच्या वाट्याला अडीच डॉलरसुद्धा येत नाहीत. बोटी भरलेल्या आहेत, दर केबिनमागे दोन माणसे धरून मोजलेली भरती शंभर टक्क्यांच्या वर जाते, तरी शेअर जुन्या उंचीच्या बराच खाली का, याचे मोठे उत्तर या भागाकारात आहे. उलट रॉयल कॅरिबियनने तुलनेने कमी नवे शेअर काढले, बहामातल्या आपल्या खासगी बेटावर आणि नव्या महाकाय बोटींवर जोर दिला, आणि तिचा शेअर २०२० च्या आधीच्या पातळीच्या दुपटीहून वर गेला. नॉर्वेजियन २०२५ च्या उन्हाळ्यातही जुन्या भावाच्या निम्म्यालाही पोहोचली नव्हती. तिघींची सवलत जवळजवळ सारखी असताना तिघींच्या भागधारकांचे नशीब इतके वेगळे निघाले, यावरून सवलत पाहून शेअर निवडणे किती पोकळ आहे ते कळते.

माझ्याकडे कार्निव्हलचे शंभर शेअर आहेत आणि ते मी ठेवले आहेत. आम्ही दरवर्षी एखादी सफर करतोच, बंदर घरापासून जवळ आहे, विमानाचे भाडे लागत नाही, आणि ती रक्कम आमच्या एकूण बचतीत इतकी लहान आहे की शेअर निम्म्यावर आला तरी कुठलाही बेत मोडणार नाही. या चार गोष्टींपैकी एखादी जरी नसती तरी मी ते घेतले नसते. भारतात राहणाऱ्यांसाठी बहुतेक वेळा यांतल्या दोन-तीन गोष्टी नसतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, त्यामुळे असे शेअर घेण्यात कायद्याची अडचण नाही. पण पैसे पाठवण्याचा खर्च, चलनबदलातली घट आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवण्याची जबाबदारी हे सगळे आयुष्यात एकदा होणाऱ्या सफरीच्या शंभर डॉलरसाठी अंगावर घेणे मला योग्य वाटत नाही. क्रूझ उद्योगावर विश्वास असेल, ताळेबंद वाचला असेल आणि दहा वर्षे थांबायची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे सवलत विचारातही घेऊ नये.

ज्यांच्याकडे शेअर आहेतच, त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी. सवलत आपोआप मिळत नाही. बुकिंग झाल्यावर आणि बोट सुटण्याच्या किमान तीन आठवडे आधी अर्ज करावा लागतो. कार्निव्हलने त्यासाठी आता स्टॉकपर्क्स हे अ‍ॅप वापरात आणले आहे. शेअरची मालकी दाखवताना ब्रोकरच्या स्टेटमेंटवर नाव आणि शेअरची संख्या स्पष्ट दिसावी, खाते क्रमांक मात्र झाकावा. कार्निव्हलची सवलत ठरावीक तारखेपर्यंतच्या सफरींसाठी जाहीर होते आणि मग तिला मुदतवाढ मिळते, तेव्हा लांबच्या तारखेचे बुकिंग करताना ती गृहीत धरू नये. आणि भारतातून आई-वडील येतात तेव्हा सर्वांत उपयोगी पडणारा नियम असा की ही सवलत भागधारक स्वतः ज्या केबिनमध्ये राहतो त्याच केबिनला मिळते. त्यामुळे दोन केबिन घेणाऱ्या कुटुंबात एकट्या नवऱ्याच्या नावावर दोनशे शेअर असतील तरी एकाच केबिनला लाभ मिळतो. आमच्याकडे नवऱ्याच्या नावावरही वेगळे शंभर शेअर आहेत, आणि आई-बाबा बरोबर असले की मी आईबरोबर एका केबिनमध्ये व तो बाबांबरोबर दुसऱ्या केबिनमध्ये, अशी नावे बुकिंगच्या वेळीच घालतो.