‘अंधारी’ची नोंद : चाळीस पट्ट्या, एक फेकलेला नकाशा आणि ‘निभाव’

या महिन्यात फासे कमी पडले, गोंद जास्त लागला. ‘अंधारी’ या आमच्या खेळाच्या पहिल्या ४० प्रती छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून झेरॉक्स करून आणल्या, त्यातल्या १२ वाटूनही झाल्या. मग आमच्या गटातल्या ताईंनी शेवटचं पान उघडलं आणि विचारलं, “मूळ लेखकाचं नाव आहे, परवान्याचंही आहे. पण आपण यात बदल केलेत, हे कुठं लिहिलंय?”

कुठंच नव्हतं.

नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. ‘अंधारी’ हा देवगिरीच्या किल्ल्यात घडणारा मराठी भूमिकाखेळ आहे, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि गोष्ट बोलत, फासे टाकत पुढे न्यायची. किल्ल्यातली अंधारी तुम्ही पाहिलीच असेल : कातळात कोरलेला वळणावळणाचा काळोखा मार्ग, खाली खंदक, वर धूर कोंडायची सोय. दुसरीकडे लोक असली भुयारं कल्पनेनं रचतात, आपल्याकडे ती तिकीट काढून बघता येतात. नियम मात्र आमचे नाहीत. योखाई गॅल यांच्या ‘केर्न’ या इंग्रजी भूमिकाखेळाचे ते नियम आम्ही मराठीत आणले आहेत. ‘केर्न’ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ४.० परवान्याखाली आहे. म्हणजे भाषांतर करा, बदला, छापा, विकासुद्धा. पण मूळ कर्त्याचं नाव द्या, बदल केल्याचं सांगा आणि तुमचं रूपांतरही त्याच परवान्याखाली खुलं ठेवा.

भाषांतर हाही बदलच. तेवढं लिहायचं राहिलं तरी परवाना आपोआप संपतो. मात्र ४.० मध्ये एक चांगली सोय आहे : चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर हक्क आपोआप परत मिळतात. आम्ही त्याच रात्री पट्ट्या छापल्या : “मूळ इंग्रजी मजकुराचं मराठी भाषांतर, संज्ञा, उदाहरणं आणि राक्षसांची यादी बदलली आहे.” घरातल्या २८ प्रतींवर चिकटवल्या. वाटलेल्या १२ जणांच्या घरी जाऊन त्यांच्याही प्रतींवर चिकटवल्या, एकासाठी जालन्याला जावं लागलं. नवव्या दिवशी काम संपलं.

बदल कुठला हे सांगण्याचा आग्रह आपल्याकडे नवा नाही. पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. तिथं एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण नकला करताना पाठात भेसळ झाली होती. शेवटी त्यांनी बजावलं की यात जो आपली ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. आणि त्याच नाथांची भारुडं गावोगावी सोंगं काढून, पदरचे संवाद घालून रंगवली जातात. एक जपायचं, एक खेळवायचं. कुठलं काय आहे, ते कर्त्यानं स्वतः सांगावं, एवढ्यासाठीच मला परवाना हवासा वाटतो.

“नियम कुणाच्या मालकीचे असतात का?” हा प्रश्न दर वेळी येतो. कल्पनेवर हक्क नसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. वीस पैलूंचा फासा टाका आणि आपल्या अंकाच्या आत ठेवा, ही पद्धत कुणीही वापरावी. पण ती ज्या शब्दांत मांडली, ते शब्द लेखकाचे. १९५७ च्या कायद्यात भाषांतराचा हक्कही लेखकाकडेच आहे. आम्हाला ते शब्दच हवे होते, म्हणून परवाना लागला.

आमची सुरुवात ‘केर्न’पासून नव्हती. आधी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या खुल्या नियमांवर काम चालू होतं, ओजीएल (ओपन गेम लायसन्स) १.०ए या २००० सालच्या परवान्याखाली. जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स’च्या कंपनीच्या, म्हणजे विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या, नव्या परवान्याचा मसुदा फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वरच्या विक्रीवर रॉयल्टी मागणारा तो मसुदा होता, आणि जुना परवाना आता ‘अधिकृत’ राहणार नाही असंही त्यात होतं. जुन्या परवान्याच्या चौथ्या कलमात ‘कायमस्वरूपी’ होतं, ‘मागे न घेता येणारा’ मात्र नव्हतं; आणि नवव्या कलमात परवान्याची कुठलीही ‘अधिकृत आवृत्ती’ वापरा, असं होतं. त्या दोन शब्दांवर जगभरच्या लोकांची वीस वर्षांची मेहनत टांगलेली होती, हे तेव्हा कळलं आणि पोटात गोळा आला. विरोध इतका झाला की २७ जानेवारीला कंपनीनं माघार घेतली आणि ‘डंजन्स’च्या ५.१ आवृत्तीचे खुले नियम सीसी-बीवाय ४.० या, मुख्यतः नाव द्यायची अट असलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली दिले. ते आता परत घेता येत नाहीत. तो विजय आपल्यासारख्या हौशी लोकांचाच होता. पण ४०३ पानं मराठीत आणणं आमच्या सहा जणांच्या आवाक्यातलं नव्हतं. ‘केर्न’ छोटा आहे, म्हणून तिकडे वळलो.

आता भाषेचं. सगळ्यात जास्त वेळ एका शब्दानं खाल्ला. ‘हिट प्रोटेक्शन’ला, म्हणजे खरी जखम होण्याआधी मार झेलणाऱ्या अंकाला, मी आधी ‘जीव’ म्हटलं होतं. पहिल्याच खेळात जीव शून्यावर आला तसा एक खेळाडू फासे ठेवून उठला, “मी मेलो ना!” मेला नव्हता. या खेळात शून्यानंतरचा मार बळावर जातो आणि मग कसोटी द्यावी लागते. उलट घोटभर पाणी पिऊन घटकाभर बसलं की हा अंक पुन्हा भरतो. जीव असा भरत नाही. बरेच दिवस ‘बचाव’, ‘आडोसा’, ‘धग’ असं चाललं. शेवटी ताईंच्या आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “निभाव लागंना, असं म्हणायलाव ना तुम्ही?” तोच शब्द. निभाव संपला की बळाला हात लागतो. आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बळ, चपळाई, मनोबल हे पात्राच्या तीन गुणांचे शब्द पहिल्या फटक्यात बसले होते. खेळ चालवणारा सूत्रधार. सामानाच्या दहा जागांचं गाठोडं. गाठोडं पूर्ण भरलं की निभाव शून्य, हे तर शेतातून ओझं आणलेल्या कुणालाही लगेच पटतं.

नकाशा फेकावा लागला. मी तो एका छापील मार्गदर्शिकेवरून गिरवला होता. किल्ला कुणाचा नाही, पण ते रेखाटन कुणाचं तरी आहे. दोन आठवड्यांची शाई गेली, वाईट वाटलं. मग रविवारी पहाटेच दौलताबादला गेलो, विजेरी, वही आणि सुतळी घेऊन. पावलं मोजत, वळणं मांडत गेलो. गिरवलेल्या नकाशात नसलेल्या दोन गोष्टी त्यामुळे मिळाल्या : वटवाघळांचा वास कुठून सुरू होतो, आणि उजेड कुठल्या पायरीला संपतो. दोन्ही खेळात घेतल्या.

राक्षसांतही छाटणी झाली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला मेंदू खाणारा तो प्रसिद्ध प्राणी मला हवा होता, पण तो त्यांच्या खुल्या नियमांत दिलेलाच नाही. त्याच्या जागी खंदकात गिऱ्हा आला आणि खजिन्यावर समंध बसला. हे आजीच्या गोष्टींतले, सगळ्यांचे. एखाद्या लेखकानं रंगवलेला समंध मात्र उचलायचा नाही, आपला आपण रचायचा.

चित्रं वेगळ्या पानांवर ठेवली आहेत. काढणाऱ्या मित्राला ती विकली जायला नको होती, म्हणून त्यांच्यावर बीवाय-एनसी असं स्वतंत्र लिहिलं. मजकूर मात्र बीवाय-एसएच.

परभणीच्या एका गटानं विचारलं, “आमच्या गावच्या पडक्या गढीत हे सगळं हलवलं तर चालंल का?” चालतं. त्यांनी हलवलंसुद्धा, आणि पहिल्या पानावर कुणाचं काय आणि आपण काय बदललं हे तीन ओळींत नीट लिहिलंय. त्यांच्या गढीतल्या आडाची सारणी मला फार आवडली, ती पुढच्या प्रतीत त्यांच्या नावानं घेतोय. बाकी आहे ते विषारी धुराचं. अंधारीत कोंडलेल्या धुरात मनोबलाची कसोटी घ्यायची की बळाची, यावर आमच्यात अजून दोन तट आहेत. शनिवारी दोन्ही खेळून बघणार.