कृपया नीडफुल करावे

आमच्याकडचा पाहुणा ‘शेवभाजी वाढा’ असं कधी म्हणत नाही. तो ताट बोटभर पुढे सरकवतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतो. वाढणाऱ्यानं ओळखायचं असतं. पंगतीत ही रीत शोभते. पण हाच पाहुणा इंग्रजीत पत्र लिहायला बसला, की ताट सरकवण्याच्या जागी लिहितो, ‘काइंडली डू द नीडफुल,’ म्हणजे जे लागेल ते कृपया करा. समोरचा असतो मुंबईच्या कचेरीत किंवा दुबईत. त्याला ना ताट दिसतं, ना कॅलेंडर.

मी राहतो भुसावळला. भाचा सावद्याला केळीच्या व्यापारात आहे, आखाती देशांत माल पाठवतो. त्याच्या इंग्रजी पत्रांवरून नजर फिरवण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलेलं आहे. मध्यंतरी त्यानं माल वाहून नेणाऱ्या एजंटाला लिहिलेलं पत्र मोबाइलवर धाडलं. मधला मजकूर असा: ‘द बॉक्सेस वेअर हॅविंग सम प्रॉब्लेम. काइंडली लुक इन्टू द मॅटर, डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक ऑन द सेम.’

मी फोन लावला. “प्रॉब्लेम म्हणजे काय झालं रे?”

“माल काळवंडला मामा. कंटेनर थंड जास्त झाला.”

केळीचं गणित नाजूक असतं. प्रवासात तिला साधारण तेरा-चौदा अंशांवर ठेवावं लागतं. त्याच्या वर गेलं तर ती वाटेतच पिकायला लागते, फार खाली गेलं तर सालीचा रंग मरतो आणि मग ती धड पिकतही नाही. म्हणजे तक्रार अगदी नेमकी होती, आकड्यात सांगण्यासारखी होती. पत्रात मात्र तिचा ‘सम प्रॉब्लेम’ झाला होता.

“बरं, मग तुला त्यांच्याकडून काय पाहिजे? भरपाई, की भाड्यात सूट, की नुसती चौकशी?”

यावर पलीकडे शांतता. मग म्हणाला, “ते आता त्यांनीच पाहायचं ना मामा.”

इथे माझ्या लक्षात आलं की अडचण इंग्रजीची नव्हतीच. ‘नीडफुल’ हा शब्द खोडला की त्याच्या जागी काहीतरी लिहावं लागतं, आणि ते काय, हे लिहिणाऱ्यानं ठरवलेलंच नसतं. किंवा ठरवलेलं असतं, पण उघड मागायची भीड असते. शेवटी आम्ही दोन वाक्यं केली. ‘प्लीज सेंड अस द कंटेनर्स टेंपरेचर रेकॉर्ड बाय मंडे. वुई आस्क यू टु पे फॉर द डॅमेज्ड बॉक्सेस.’ सोमवारपर्यंत तापमानाची नोंद पाठवा, खराब पेट्यांचे पैसे द्या. भाच्यानं वाचलं आणि म्हणाला, “उद्धट नाही वाटत?” मला तरी नाही वाटत. ‘प्लीज’ आहे, ‘आस्क’ आहे, शिवी कुठेच नाही. फक्त ताट पुढे सरकवण्याऐवजी शेवभाजी मागितली आहे.

आणि हे खापर एकट्या इंग्रजीवर फोडता येत नाही. शेतातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली, ऐन मे महिन्यात बागेचं पाणी तुटलं, तरी आपला मराठी अर्ज ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती’ इथेच जाऊन थांबतो. डीपी कधी बदलून पाहिजे, ते अर्जात शोधून सापडत नाही. ते साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून, टोपी हातात घेऊन, तोंडी सांगायचं.

‘डू द नीडफुल’ ही आपली निपज आहे असं समजून त्याला हसणारे पुष्कळ आहेत. तसं ते नाही. एके काळी खुद्द इंग्लंडातही हे चांगलं प्रतिष्ठित वळण होतं. तिकडे ते मागे पडलं, इकडे कचेऱ्यांच्या फायलींत टिकून राहिलं. साहेबाच्या देशातही सरकारी इंग्रजी काही फार स्वच्छ नव्हतं. तिथल्या अर्थखात्यानं सर अर्नेस्ट गॉवर्स या जुन्या सनदी अधिकाऱ्याला गळ घातली, आणि कारकून-अधिकाऱ्यांनी साधं कसं लिहावं हे सांगणारी त्यांची पुस्तिका १९४८ साली निघाली. अमेरिकेनं तर २०१० साली त्यासाठी कायदाच केला. सरकारनं लोकांना कळेल असं लिहावं, एवढ्यासाठी कायदा! म्हणजे आपल्या भाच्यांना फार नावं ठेवायला नकोत.

‘रिव्हर्ट बॅक’चं मात्र मी ऐकून घेत नाही. ‘रिव्हर्ट’ म्हणजे मूळ स्थितीला परत जाणं. त्याला ‘बॅक’ जोडलं की परत जाणं दोनदा होतं, आणि उत्तर द्या हे सांगायचं राहूनच जातं. इथे आपल्याला सवयीनं कळतं. ज्याला आपलं इंग्रजी ठाऊक नाही, तो मात्र कोड्यात पडतो. ‘प्लीज रिप्लाय’ हे दोन शब्द पुरतात. ‘डिस्कस अबाउट द रेट’मधला ‘अबाउट’ही असाच फुकटचा. मराठीत दराविषयी चर्चा करतात, म्हणून तो ‘विषयी’ मागोमाग चालत येतो. इंग्रजीत नुसतं ‘डिस्कस द रेट’.

‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ची गंमत आणखी वेगळी. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे ट्रॅक्टर आहे, मला माहीत आहे, मला समजलं आहे. आपल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘आहे’ दारात उभा. इंग्रजीत शिरताना त्याला बाहेर कसं ठेवायचं? मग तो ‘अ‍ॅम’ होऊन आत येतो, आणि एकटा नको म्हणून ‘इंग’ला सोबत आणतो. खरं तर ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय नो’, एवढ्यावर भागतं. जे नुसतं असतं किंवा माहीत असतं, त्याला ‘इंग’ लागत नाही. मात्र ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ बरोबर आहे, कारण तिथे माणूस खरोखर काहीतरी करतो आहे.

माझं सगळ्यात लाडकं वाक्य ‘आउट ऑफ स्टेशन’. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला कारभाराचं मुख्य ठाणं केलं. पुढे १८२५ मध्ये औट्राम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. अधिकाऱ्याची नेमणूक जिथे, ते त्याचं ‘स्टेशन’. तो दौऱ्यावर निघाला की ठाण्याबाहेर, म्हणजे ‘आउट ऑफ स्टेशन’. त्या वेळी खानदेशात रेल्वे यायची होती. आता ठाणीही गेली आणि ते साहेबही गेले, पण आमचा शेजारी मुलीकडे नाशिकला निघाला, की रजेच्या अर्जात ‘आउट ऑफ स्टेशन’ लिहितो. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात तर हे वाक्य फारच विनोदी होतं, कारण आमचा माणूस आउट ऑफ स्टेशन निघतो तेव्हा स्टेशनातच बसलेला असतो, गाडीची वाट पाहत. ‘आय विल बी अवे’ म्हटलं तरी काम होतं. तरी शेजाऱ्याचं वाक्य बदलताना मला जरा जड जातं.

नोकरीच्या अर्जात मात्र दयामाया नाही. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ असं पोरं बेधडक लिहितात. आपल्याकडे हे चालून जातं, पण बाहेरचा वाचणारा समजतो की हा २०१९ मध्ये चक्कर येऊन पडला. भुसावळचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला तेही खरं वाटेल! तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ करायचं आणि पुढे जायचं.

असं असलं तरी काही शब्दांवर मी पेन चालवत नाही. ‘प्रीपोन’ त्यातला पहिला. बैठक पुढे ढकलायला शब्द आहे, मग अलीकडे ओढायला का नसावा? इंग्रजांना एका शब्दात ते जमत नव्हतं, आपण जमवून दिलं, आणि आता तो शब्द ऑक्सफर्डच्या कोशातही जाऊन बसला आहे. ‘कझिन ब्रदर’चंही तेच. सरकारी फॉर्मवर नुसतं ‘कझिन’ लिहावं, पण लग्नपत्रिकेत एखाद्यानं ‘ब्रदर’ जोडला तर जोडू द्यावा. ज्या घरात मामेभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ एकाच पंगतीत भरीत-भाकरीवर हात मारतात, तिथे नुसता ‘कझिन’ उपाशी दिसतो.

परवा शेजारची ताई मुलीच्या रजेचा अर्ज घेऊन आली. ‘रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट दॅट माय डॉटर इज सफरिंग फ्रॉम फीवर.’ पोरीला ताप आला, तर त्यात भीक कशाला मागायची? मी लिहून दिलं: ‘माय डॉटर हॅज अ फीवर. शी विल कम टु स्कूल ऑन मंडे.’ ताईनं कागद उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का ते. “एवढंच? मॅडमला राग नाही ना येणार, भाऊ?” म्हटलं, नाही येणार. तिचा काही विश्वास बसला नाही. पर्समधून पेन काढून तिनं खाली ठळक अक्षरात ‘थँकिंग यू’ लिहिलं, सही केली आणि तापाचं औषध आणायला निघून गेली. त्या ‘इंग’ला मी हात लावला नाही.