लॅगची नोंद, परभणी: कूलर, खिळा आणि लग्नाचे फोटो

प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे आणि स्पीड टेस्टला तेवढा मिळतोही. तरी संध्याकाळी काउंटर-स्ट्राइक या ऑनलाइन गोळीबाराच्या गेममध्ये लॅग येतो, म्हणजे सगळं उशिरा पोचतं: समोरचा दारातून डोकावतो आणि मला तो दिसेपर्यंत मी आडवा झालेला असतो. मोठा प्लॅन घे म्हणणारे बरेच भेटतात, पण गेमचा डेटा मुळात किरकोळ असतो. तो वेळच्या वेळी पोचला पाहिजे, एवढीच त्याची अट.

आधी हिशेब. परभणी ते मुंबई पाचशे-साडेपाचशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर पळतो, म्हणजे जाऊन-येऊन पाच-सहा मिलिसेकंद. मधले वळसे आणि यंत्रं धरली तर मुंबईच्या सर्व्हरला २०-२५ पिंग (डेटाचं छोटं पुडकं, म्हणजे पॅकेट, जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) यायला हरकत नाही. आमच्याकडे पहाटे २२ येतो. त्याच्या वरचं जे काही आहे ते घरात तरी अडकतंय नाहीतर घराबाहेर, आणि कुठे ते कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करायचा नाही असं ठरवलं.

त्यासाठी कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघड्या ठेवतो. एकीत राउटरला पिंग (आमच्याकडे १९२.१६८.१.१), दुसरीत ८.८.८.८ ला (बाहेरचा, गूगलचा सर्व्हर), दोन्ही थांबवेपर्यंत चालू राहणारे. पहिल्या खिडकीत आकडे उसळले तर दोष वायफायचा. पहिली शांत आणि दुसरी उसळते, तर राउटरच्या पुढे बघायचं. कस्टमर केअरला फोन लावायच्या आधी एवढं केलं तरी निम्मी डोकेदुखी वाचते.

आमच्याकडे पहिलीच खिडकी नाचत होती. ३, ४, ३, १४०, ५, ९०. खालचा मजला जुना, दगड-मातीच्या दोन फुटी भिंती. राउटर बैठकीत, जिथे वायर आत आली तिथेच ठोकलेला. माझी खोली वर, स्लॅबची. हे नेहमीचंच, पण एप्रिलपासून त्रास अचानक का वाढला ते कळेना. मग फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर लावून घरभर फिरलो. वरच्या खोलीत सिग्नल उणे ७४ डीबीएम (आकडा शून्याकडे जितका, तितका सिग्नल चांगला). जिन्याच्या तोंडाशी उन्हाळ्याचा पत्र्याचा कूलर आणून ठेवलाय, त्याची टाकी काठोकाठ भरलेली. कूलर बाजूला ओढला आणि पुन्हा मोजलं: उणे ६३. अकरा डीबी, म्हणजे सिग्नल दहा पटींहून जास्त घटत होता. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. राउटर आणि खोली यांच्यामध्ये आम्ही दोन्ही एकत्र उभं केलं होतं. आता मे महिन्यात परभणीत कूलर हलवा असं आईला कोण सांगणार? हलायचं ते नेटनेच.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६, ११ आलटून पालटून पाहिले. गल्लीतले सगळेच १ आणि ६ वर बसलेत. ११ वर थोडा फरक पडला, पण मायक्रोवेव्ह चालू झाला की सगळं मुसळ केरात. रिपीटर (सिग्नल पकडून पुढे फेकणारा डबा) नकोच म्हटलं. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणजे वेग अर्धा आणि उशीर वाढीव.

शेवटी राउटरपासून वरच्या खोलीपर्यंत कॅट-६ नेटवर्क केबल ओढली, पूर्ण तांब्याची. दुकानात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची पण मिळते, स्वस्त असते, ती वाकवली की तुटते. गच्चीवरून नेली असती तर अंतर कमी पडलं असतं, पण वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा कशा पडतात ते माहीतच आहे. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. तांब्याच्या तारेतून येते आणि थेट मदरबोर्डात शिरते. म्हणून जिन्याच्या आतून, कोपऱ्याकोपऱ्याने नेली.

वर एक जुना राउटर पडून होता, तो अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून नेट घेऊन वायफाय पसरवणारा) केला: त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद, पत्ता १९२.१६८.१.२, केबल वॅन (बाहेरचं नेट घेणाऱ्या) नव्हे तर लॅन (घरातल्या) पोर्टमध्ये. माझा पीसी थेट केबलवर, धाकटा भाऊ फोनवर बीजीएमआय खेळतो तो वरच्या ५ गिगाहर्ट्झवर. राउटरचा पिंग आता एकच्या आत, भावाचा दोन-तीन.

पहिली खिडकी गप्प झाली तेव्हा दुसरीतले दोष दिसायला लागले. अधूनमधून एखादं पॅकेट गायब. फायबर ज्यात येते त्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) पाहिली तर उणे २६.८ डीबीएम. जीपीऑनमध्ये (घरगुती फायबरच्या तंत्रात) उणे २७ च्या खाली गेलं की चुका सुरू होतात, म्हणजे आम्ही काठावर होतो. दाराच्या चौकटीवर पाहिलं तर उरलेली फायबर खिळ्याभोवती बोटभर वेटोळं करून झिपटायने (प्लॅस्टिकच्या पट्टीने) करकचून आवळलेली; एवढ्या घट्ट वळणातून प्रकाश बाहेर गळतो. कनेक्शनवाल्याकडून पोरगा आला, त्याने टाय कापला, वेटोळं बशीएवढं सैल केलं, कनेक्टर पुसला. उणे २१. लॉग चालू ठेवलाय, अजून एकही पॅकेट गेलेलं नाही.

एवढं करूनही एका संध्याकाळी गेममधला पिंगचा आकडा बघून भावाची आरोळी आली, "दादा, परत लाल व्हायलंय!" खिडकीत २२, २३, २२ आणि मग एकदम २४०, ३१०, ३३५. ताई सेलूहून एक लग्न आटपून आली होती. फोन घरच्या वायफायला लागला आणि हळदीपासूनचे सगळे फोटो-व्हिडिओ बॅकअपला निघाले. अपलोड भरलं की पॅकेटं राउटरच्या रांगेत तुंबतात. कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांमागे मोटारसायकल अडकावी तसं गेमचं चिमुकलं पॅकेट मागे राहतं. यालाच बफरब्लोट म्हणतात आणि प्लॅन दुप्पट केला तरी तो जात नाही. मुख्य राउटर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर) चालणारा आहे, त्यावर एसक्यूएम (रांग आवरणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यातली केक ही पद्धत निवडली आणि अपलोड-डाउनलोड दोन्ही बाजूंचा वेग मोजलेल्याच्या ९० टक्क्यांवर बांधला. दहा एमबीपीएस सोडावे लागले. ताईचे व्हिडिओ चालूच होते, पिंग ३० च्या वर गेला नाही. आत्तापर्यंत केलेल्यात सगळ्यात मोठा फरक याचाच, आणि खर्च शून्य.

राहिलं लाइटचं. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणभरात फायबरचा डबा रीस्टार्ट होतो आणि मॅच जाते. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मागवलाय. अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर आणि पिनेची जाडी जुळवून घेतली. तो आला की मेन स्विच पाडून पाहणार, मग आकडे टाकतो.