न वळणारी बोट

मागच्या महिन्यात खिडकीचे गज घासायला घेतले आणि दुसऱ्या गजालाच हात भरून आले. वरचा पांढरा रंग निघाला की खाली जुना हिरवा, त्याखाली तांबूस रेड ऑक्साईड आणि सगळ्यांत आत पापुद्र्या-पापुद्र्यांचा गंज. बोटाने दाबला की भुगा. तिसऱ्या गजाच्या वाटेला न जाता मी हात धुतले आणि जुन्या बोटींचे फोटो बघत बसलो. हे माझं जुनं व्यसन. त्यात समोर आली सिडनीची 'बारागूला'. तिथे सगळा कारभारच खरवडण्याचा.

ही बारागूला म्हणजे पोलादी फेरीबोट, साठेक मीटर लांबीची. १९२२ साली सिडनीतच, बालमेनच्या मॉर्ट्स डॉकमध्ये ती पाण्यात उतरली. आधी वाफेवर चालायची, पुढे डिझेलवर. 'सर्क्युलर की' हा शहरातला धक्का ते बंदरापलीकडचं मॅनली हे उपनगर आणि तिथून परत, असं १९८३ पर्यंत. तिने लढाई मारली नाही की नवा खंड शोधला नाही. सकाळी माणसं कामाला पोचवली, संध्याकाळी घरी आणली. वाटेत बंदराचं तोंड लागतं, तिथे उघड्या समुद्राच्या लाटा आडव्या येतात. काय साहस व्हायचं ते तेवढंच.

मला या बोटींचं कौतुक वेगळ्याच गोष्टीचं. त्यांना पुढचं-मागचं नसतंच. दोन्ही टोकांना पाण्याखाली बोट ढकलणारा पंखा, दोन्ही टोकांना सुकाणू, वर कप्तानाच्या दोन केबिन. बोट धक्क्याला लागली की वळत नाही. कप्तानच डेकवरून चालत दुसऱ्या केबिनमध्ये जातो आणि मघाची शेपूट हे आता तोंड होतं. काही बोटींत बाकांच्या पाठीसुद्धा पलटता यायच्या. खटकन पाठ इकडून तिकडे केली की माणूस पुन्हा 'पुढे' बघत बसायला मोकळा. शेजारी कोण बसलंय ते पाहून पाठ पलटणारेही असणारच.

बोट निवृत्त झाली की तिला वाचवायला माणसं गोळा होतात. बाहेरून वाटतं, ही मंडळी पितळ घासत असतील, सागवानाला पॉलिश करत असतील. तेही असतंच, पण बराचसा वेळ जातो तळातलं पाणी उपसण्यात आणि बोट उभी करायला जागा शोधण्यात. धक्क्याची जागा फुकट कोण देणार? त्यात पोलादी बूड वरचेवर पाण्याबाहेर काढून तपासावं लागतं. त्याला बाहेरून जस्ताच्या वड्या लावतात. खारं पाणी आधी जस्त खातं, पोलाद तेवढं वाचतं. वडी संपली की नवी लावायची. असा गरीब बिचारा धातू मला माझ्या गजांसाठीही मिळाला असता तर!

बारागूलाला स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं असंच जपलं. २०२२ च्या जानेवारीत, शंभरी भरायला काही आठवडे उरले असताना, ती उभ्या जागी बुडाली. वादळ नाही, टक्कर नाही. बांधलेल्या दोरांसकट खाली बसली. त्या माणसांनी दुसऱ्या दिवशी खरवडण्या कुठे ठेवल्या असतील, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरी गोष्ट 'लेडी डेनमन' या लाकडी फेरीबोटीची. ज्या बाईंनी १९१३ साली कॅनबेरा हे राजधानीचं नाव जाहीर केलं, त्यांचंच हे नाव. १९११ साली हस्किसन नावाच्या छोट्या गावात, खाडीकाठी ती बांधली आणि तिथून सिडनीला कामाला पाठवली. १९३२ साली हार्बर ब्रिज झाला, लोक पुलावरून जाऊ लागले आणि बंदरातल्या फेऱ्यांचे उतारू निम्म्याहून कमी झाले. तरी ही १९७९ पर्यंत टिकली. मग गावकरीच म्हणाले, आमची पोर आम्हाला द्या. लाकडी बूड, त्यात वय झालेलं. तरी दोराने ओढत समुद्रातून तिला माहेरी आणली. आज ती कोरड्या जमिनीवर उभी आहे आणि तिच्याभोवती गावाने संग्रहालय बांधलंय.

फोटोत ती छपराखाली दिसते, दोन्ही केबिन रिकाम्या. मी बराच वेळ शोधत होतो, हिचं तोंड कुठलं म्हणायचं. मग आठवलं, की शेवटच्या फेरीत कप्तान ज्या केबिनमधून उतरला असेल, ते.