कडुनिंबाभोवतीचा बाक

बँकेतली नोकरी सोडून सुतारकाम शिकायला लागलो त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. तोवर माझ्या हातून दोन स्टुलं, चपलांचं एक कपाट आणि एक डुगडुगता पाट एवढंच बाहेर पडलेलं. सगळं चौकोनी. मग दांडियाबाजारातल्या एका वाड्यातल्या काकूंनी अंगणातल्या कडुनिंबाभोवती बाक मागितला. झाडामागे भिंत, म्हणून अर्धगोलच. बडोद्यात लाकडी सामान म्हटलं की संखेडा गावचं फर्निचर आठवतंच, काकूंनाही आठवलं. पण ते काम लेथवर कातलेलं, वर लाखेची झिलई, ते दिवाणखान्यातच शोभतं. "मला मेलं उन्हापावसात टिकेल असं हवं," काकू म्हणाल्या, "आणि पाठ टेकता आली पाहिजे. गुडघे गेलेत माझे." गुडघ्यांचा आणि पाठीचा संबंध मी विचारला नाही.

लाकूड त्यांचंच निघालं. वाड्याचा मागचा भाग उतरवला तेव्हाच्या सागवानी फळ्या माळ्यावर पडून होत्या. जुनं सागवान सोन्यासारखं खरं, पण त्यात खिळे दडलेले असतात. लोहचुंबक फिरवून मी एकोणीस काढले. विसावा रंध्याच्या पात्याने शोधला.

बाकाची पाठ बुंध्याच्या बाजूला येणार होती, मध्यापासून तीस इंचांवर. मी हिशेब केला : पाव वर्तुळाचे दोन तुकडे जोडले की अर्धवर्तुळ. बारा इंच रुंद, चार फूट लांब फळी घेतली, खिळ्याला सुतळी बांधून कंस आखला आणि जिगसॉने कापला. तीन इंच रुंद, दीड इंच जाड. दोन दिवस कानस आणि पॉलिश पेपर मारत बसलो. बुधवारी सकाळी पहिला तुकडा, ज्यांच्याकडे काम शिकत होतो त्या मिस्त्रीकाकांसमोर ठेवला तेव्हा, खोटं कशाला सांगू, कौतुकाची वाट बघत होतो.

काकांनी त्यावरून अंगठा फिरवला. मधे छान, टोकाशी थांबला. "भाऊ, आना पर बेसशो?" गुजराती माणूस आपल्याला भाऊ म्हणतो तेव्हा त्यात माया असते, कधी थोडी कीवही. मी म्हटलं, बसेन की. त्यांनी एक टोक हातात धरलं आणि दुसरं टोक फरशीवर आपटलं. जोरात नाही, खलबत्ता ठेवावा तितकंच. टोकापासून वीतभर आत तुकडा तिरपा तुटला. आवाजसुद्धा धड झाला नाही, पापड मोडावा तसं काहीतरी.

तुटलेली बाजू त्यांनी माझ्या नाकाशी धरली. लांबच लांब धागे निघायला हवे होते. तिथे नुसत्या आखूड पायऱ्या होत्या. फळीतला रेषा, म्हणजे लाकडाचा धागा, सरळ धावतो आणि मी कापलेली पट्टी वळते; मधोमध दोघं बरोबर चालतात, टोकाशी पंचेचाळीस अंशांनी फारकत होते. तिथे पट्टीच्या या काठापासून त्या काठापर्यंत जेमतेम चार इंचांचा रेषा, आणि काठ ओलांडला की संपला. शाळेत कंपास वापरायला शिकवतात, हे कुणी शिकवत नाही.

मी वाफेवर लाकूड वाकवण्याचं काढलं. "नहीं चाले." इतकं वाळलेलं सागवान वाकताना चिरतं, वाफेच्या कामाला ओलसर लाकूड लागतं. मग ते बाहेर गेले आणि मला बोलावलं. अंगणात कोपऱ्यात बैलगाडीचं जुनं चाक टेकवून ठेवलेलं होतं, ज्यावर मी आठ महिने टॉवेल वाळत घालत होतो. चाकाचा घेर एकसंध नसतो. आखूड आखूड तुकड्यांचा असतो, म्हणजे प्रत्येकात रेषा वळणाच्या जवळपास राहतो, आणि बाहेरून लोखंडी धाव सगळ्यांना आवळून धरते.

आपल्याला धाव नको होती, दोन थर पुरले. खालच्या थरात अष्टमांश वर्तुळाचे चार तुकडे, वर तीन पूर्ण आणि टोकांना दोन अर्धे, विटांसारखे सांधे चुकवून. पाऊण पाऊण इंचाचे थर. तुकड्याला साडेपाच इंच रुंदीची फळी पुरते, त्यामुळे माझ्या मोडलेल्या कंसातूनही दोन निघाले. सागवान तेलकट, म्हणून चिकटवायच्या आधी थिनरने पुसून घ्यायचं. मे महिना होता. पहिल्या दिवशी दुपारी इपॉक्सी कालवलं तर तीन तुकडे लावेपर्यंत डब्यातलं उरलेलं तापून धूर सोडायला लागलं आणि दगड झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, थोडं थोडं कालवून, जमलं. काका चहा पीत बघत होते. हात लावला नाही.

बाकीचं सोपं होतं. स्क्रू स्टेनलेसचे, कारण साध्या लोखंडाने ओलं सागवान काळं पडतं. पायांखाली दगडाचे तुकडे, नाहीतर लाकूड टोकातूनच पाणी ओढतं. बैठकीच्या पट्ट्यांमध्ये पाणी निथळायला आठ मिलिमीटरची फट, सगळीकडे सारखी. ती मी पट्टीने मोजून ठेवली होती, आणि तिचा मला फार अभिमान होता.

जूनच्या शेवटी काकूंचा फोन आला. बाक छान आहे, पाऊस पडला तरी पाणी राहत नाही. "फक्त एक सांग," म्हणाल्या, "ही फट तू लिंबोळ्या मापून ठेवलीस का रे? एकूण एक त्यातच अडकतेय. रोज सकाळी विणायची सुई घेऊन बसते मी."

काकांना सांगितलं तर त्यांना चहाचा ठसका लागला.