आर्वी ते हो ची मिन्ह सिटी: इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांसाठी वाटेचा वृत्तांत

आर्वी, वणी, पुसद, देसाईगंज अशा गावांतून बी.ए., बी.एस्सी., बी.एड. होऊन खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर इंग्रजी शिकवणारी पोरं-पोरी आता व्हिएतनामची चौकशी करू लागली आहेत. चौकशी रास्त आहे. दक्षिण कोरियातल्या खासगी शिकवणी संस्थांसाठीचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांनाच मिळतो. व्हिएतनाममधल्या खासगी भाषा केंद्रांत मात्र भारतीय शिक्षकाला कायद्याने जागा आहे, फक्त कागद पक्के लागतात. या वाटेचा मोठा भाग विमानतळाच्या अलीकडेच आहे, म्हणून या वृत्तांतातही तोच भाग जास्त आहे.

तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही अशा परदेशी शिक्षकाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: पदविका किंवा पदवी, सी-१ पातळीचे (भाषेच्या सहा पातळ्यांतली पाचवी) इंग्रजी प्रमाणपत्र आणि भाषा शिकवण्याचे प्रमाणपत्र. "पहिलीपासून इंग्रजी माध्यम" याने सी-१ ची अट भागत नाही, हे आधीच मनाशी पक्के करा. आयईएलटीएस या आंतरराष्ट्रीय इंग्रजी परीक्षेत सी-१ म्हणजे किमान ७ बँड. परीक्षा नागपुरात देता येते आणि निकाल २ वर्षे चालतो, म्हणून परीक्षा फार आधी देऊन ठेवू नका. आपल्याकडच्या मुलांचे वाचन-ऐकणे बरे असते, गाडी अडते ती लेखनात. तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. तिथे पाठ केलेली उत्तरे लगेच उघडी पडतात. रोज एका विषयावर २ मिनिटे सलग बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. महागड्या क्लासपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

शिकवण्याच्या प्रमाणपत्रासाठी १२० तासांचा टेफल, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचा अभ्यासक्रम, साधारण मान्य होतो. सेल्टा हा केंब्रिजचा तसाच अभ्यासक्रम महाग आहे, पण त्यात खऱ्या वर्गावर ६ तास शिकवून दाखवावे लागते, त्यामुळे त्याचे वजन वेगळेच. ऑनलाइन टेफल घेताना एक गोष्ट पैसे भरण्याआधी विचारा: प्रमाणपत्र कोणत्या देशातून निघते? जो कागद ज्या देशात निघतो त्याचे प्रमाणीकरण त्याच देशात होते. ब्रिटनमधल्या संस्थेचा कागद दिल्लीत नेऊन उपयोग नाही. तो तिकडेच नोटरी करून पुढे न्यावा लागतो आणि स्वस्त अभ्यासक्रम त्यात महाग पडतो.

आता पदवी. गावाकडे कित्येकांजवळ फक्त गुणपत्रिका आणि तात्पुरते प्रमाणपत्र असते, मूळ पदवी विद्यापीठातून आणलेलीच नसते. व्हिएतनाममधल्या कामाच्या परवान्यासाठी मूळ पदवीच लागते. आणि ती लॅमिनेट करू नका. शिक्के कागदाच्या मागच्या बाजूला बसतात, प्लास्टिकवर कोणीही मोहोर मारत नाही. लॅमिनेशन काढायला गेले की शाई निघते, मग दुय्यम प्रत काढण्यात महिने जातात. जपायचीच असेल तर साध्या प्लास्टिक फोल्डरात ठेवा.

सगळ्यात जास्त फाइली नावावरून परत येतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर स्पेलिंग तिसरेच. लग्नानंतर पासपोर्ट सासरच्या नावाने आणि पदवी माहेरच्या नावाने, हे तर घरोघरी आहे. परदेशातला कारकून "वानखडे" आणि "वानखेडे" ही दोन माणसे समजतो, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून पासपोर्ट काढतानाच दहावीच्या गुणपत्रिकेची अक्षरे जशीच्या तशी ठेवा. फरक आधीच असेल तर लग्नाचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद तयार ठेवा आणि तिचेही पदवीसोबतच प्रमाणीकरण करून घ्या.

प्रमाणीकरणाची साखळी अशी: आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी नवी दिल्लीतला व्हिएतनामचा दूतावास. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदियावाल्यांचे विद्यापीठाचे काम नागपुरात, बुलढाणा, अकोला, वाशीम, यवतमाळ आणि अमरावतीवाल्यांचे अमरावतीत. चंद्रपूर-गडचिरोलीवाल्यांनी सन पाहावे. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झाले, त्याआधीच्या पदवीसाठी नागपूरच गाठावे लागते. दूतावासाची पायरी अजून लागते की नियम बदलला आहे, हे नोकरी देणाऱ्या केंद्राकडून त्या आठवड्यात लेखी विचारून घ्या. सगळ्या साखळीला ३ महिने धरा. परीक्षा किंवा निवडणुकांच्या काळात विद्यापीठाच्या खिडकीवर गर्दी वाढते. पेरणी आटोपल्यावर जुलैमध्ये कागद हलवले तर दिवाळीपर्यंत हाती येतात.

पोलीस पडताळणीचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मागायचा. हा मात्र सगळ्यात शेवटी काढा. व्हिएतनाममध्ये कामाच्या परवान्याचा अर्ज करताना तो ६ महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. हौसेने सगळ्यात आधी पीसीसी काढला आणि पदवी दिल्लीत अडकली, की दाखला शिळा होतो. त्यालाही प्रमाणीकरण लागते, तेवढे दिवस हिशेबात धरा. पोलीस ठाण्यातून फोन येईल तेव्हा गावात हजर राहा, नाहीतर "पत्त्यावर आढळला नाही" असा शेरा पडतो.

दलालाबद्दल स्पष्ट लिहितो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असलेला एजंटच परदेशात नोकरी लावू शकतो. त्याची नोंद सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर सापडते आणि उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. लाख-दीड लाख मागणारा माणूस कायद्याबाहेर आहे, मग तो नात्यातला असला तरी. नोकरी व्हिएतनामची सांगतात आणि तिकीट बँकॉकचे देतात, "पुढे गाडी येईल" म्हणतात, तिथे पाऊल टाकू नका. थायलंडच्या माए सोतहून म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या भारतीयांना सोडवण्याची वेळ आपल्या सरकारवर आली आहे. शेतीवर किंवा आईच्या दागिन्यांवर कर्ज काढून तर असल्या माणसाला पैसे देऊच नका.

व्हिसाबद्दल केंद्रे एक सोपे वाक्य सांगतात: "ई-व्हिसावर या, बाकी आम्ही पाहतो." ई-व्हिसा ९० दिवसांचा असतो, एकदा प्रवेशाचा २५ डॉलर आणि अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर, पण त्यावर काम करता येत नाही. परवान्याशिवाय शिकवताना सापडलेल्या परदेशी माणसाला दंड होतो आणि देशाबाहेरही काढतात. सरळ वाट अशी की केंद्र परवान्याचा अर्ज करते, त्यावर कामाचा व्हिसा आणि मग तात्पुरते रहिवासी कार्ड मिळते. परवाना जास्तीत जास्त २ वर्षांचा असतो. केंद्राने अर्ज दाखल केल्याची पोच दाखवली नाही, तर तिकीट काढू नका.

नागपुरातून व्हिएतनामला थेट विमान नाही. एक वाट मुंबईची: गोंदियाहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला करत सकाळी मुंबईत पोहोचवते. दुसरी कोलकात्याची: हावडा मेल किंवा गीतांजलीने जायचे आणि पुढे विमान. भंडारा-गोंदियावाल्यांना कोलकाता सोयीचे, आणि तिथून उड्डाणही मुंबईपेक्षा लहान. गाडी आणि विमान यांत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. मूळ कागद हातातल्या बॅगेत आणि त्यांच्या स्कॅन प्रती मोबाइलशिवाय आणखी एका जागी ठेवा. हनोईला जाणाऱ्याने स्वेटर न्यावे, डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे चांगलीच थंडी असते. हो ची मिन्ह सिटीत वर्षभर उकाडा, नागपूरच्या मेपेक्षा सौम्य पण दमट. विजेसाठी आपली गोल दोन पिनांची वायर चालते, तीन पिनांची जाड वायर चालत नाही.

उतरल्यावर पहिले काम सिमकार्डाचे आणि दुसरे खोलीचे. घरमालक एक-दोन महिन्यांचे डिपॉझिट मागतो, ते ठीक. पण पोलिसांकडे तुमची तात्पुरत्या रहिवासाची नोंद तो करतो की नाही, हे पैसे देण्याआधी ठरवा. ती नोंद नसेल तर रहिवासी कार्ड अडते. पहिला पगार महिना भरल्यावर पुढच्या महिन्यात होतो, परवाना लांबला तर आणखी उशीर. त्यामुळे ३ महिन्यांचा खर्च स्वतःजवळ असल्याशिवाय निघू नका.

करारात ताशी दर सगळे पाहतात. पाहायचे असते ते त्याखालचे. आठवड्याला किमान किती तासांची हमी आहे? वर्ग रद्द झाला तर पैसे मिळतात का? जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येणाऱ्या तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सुटीत पगार चालू राहतो का? आकडा कर कापण्याआधीचा की नंतरचा? वर्षात १८३ दिवस तिथे राहिलेल्याला टप्प्यांनी कर लागतो, त्याहून कमी राहिलेल्याला सरसकट २० टक्के. पहिल्या काही महिन्यांतली जास्त कपात बहुधा यामुळेच असते. वर्षभराच्या करारावर सामाजिक आणि आरोग्य विम्यापोटी कामगाराच्या वाट्याचे ९.५ टक्के जातात. पासपोर्ट नोंदणीसाठी द्यावा लागला तर परत मिळण्याची तारीख लिहून घ्या. "सुरक्षित ठेवतो" म्हणून मागितला तर देऊ नका.

आणखी एक कटू गोष्ट. काही केंद्रांना पालकांना दाखवायला गोरा चेहरा हवा असतो आणि तेच काम करणाऱ्या भारतीयाला ती कमी दर देतात. हा अन्यायच आहे. त्यावर चालणारा उपाय म्हणजे हाय फाँग, विन्ह, कॅन थो, बिएन होआ अशा शहरांत आधी अर्ज करणे, कारण तिथे शिक्षक मिळणे अवघड असते. वर्षभराचा अनुभव गाठीला आला की मोठ्या शहरात दर मागता येतो.

केंद्राचा दिवस संध्याकाळी साडेपाचला उजाडतो. सोमवार ते शुक्रवार ९ वाजेपर्यंत आणि शनिवार-रविवार सकाळपासून. वर्गात १५ ते २० मुले, बहुतेक ४ ते १५ वयाची, आणि मदतीला व्हिएतनामी सहायक शिक्षिका. निवड होते ती २० मिनिटांच्या नमुना पाठावर आणि आपली बरीच माणसे तिथेच मागे पडतात. कारण आपल्या शाळांची सवय: आधी व्याख्या, मग फळ्यावर लिहिणे, मग मुलांनी उतरवणे. तिथे शिक्षकाने कमी आणि मुलांनी जास्त बोलायचे असते. पाठ असा बांधा. ३ मिनिटे गाणे किंवा हालचाल. मग चित्रांचे ६ पत्ते, ६ च, जास्त नाहीत: शब्द दोनदा ऐकवायचा, मग सगळ्या वर्गाने, मग रांगेने, मग एकेकट्याने म्हणायचा. त्यानंतर ६-७ मिनिटे खेळ आणि शेवटी त्या शब्दांचे एक वाक्य जोडीजोडीने. सूचना तीन-चार शब्दांची द्या, हातवाऱ्याने दाखवा आणि कळली का ते एका मुलाकडून करवून पाहा. "समजलं का?" या प्रश्नाला जगभरची मुले हो म्हणतात.

उच्चारांवर निघण्याआधीच काम करा. 'थिंक', 'थ्री' यांतला पहिला आवाज आपण मराठी 'थ' सारखा काढतो. व्हिएतनामी भाषेतही तसाच महाप्राण आवाज आहे, म्हणून मुलेही तेच म्हणतात. शिक्षक आणि विद्यार्थी दोघांची चूक एकच असल्याने शिक्षकाला ती ऐकूच येत नाही आणि परीक्षक मात्र ती टिपतो. जीभ दातांत ठेवून नुसती हवा सोडायची, आरशासमोर रोज १० मिनिटे. 'व्हेरी' ला वरचे दात खालच्या ओठावर आणि 'वेल' ला ओठांचा गोल, ही दुसरी कसरत. 'फोटोग्राफी' सारख्या शब्दात आपण प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर देतो, इंग्रजीत तो एकाच ठिकाणी येतो.

पण एका बाबतीत मराठी माणूस तिथे सरस ठरतो. व्हिएतनामी शब्दांच्या शेवटी स, ल, झ हे आवाज येत नाहीत आणि जोडाक्षर तर नाहीच. त्यामुळे 'राईस', 'राईट', 'राईड' तिन्ही मुलांच्या तोंडून जवळपास सारखेच निघतात. आपण जन्मापासून घास, हात, बैल म्हणत आलो, शेवटचे व्यंजन आपल्या जिभेवर स्वच्छ उमटते. प्रत्येक पाठात ५ मिनिटे फक्त शब्दांच्या शेवटावर द्या. स्टार्टर्स, मूव्हर्स, फ्लायर्स या केंब्रिजच्या बाल-परीक्षांच्या तोंडी भागात हा फरक पालकांना कानांनी कळतो, आणि पालकांना कळला की केंद्र तुमचे तास वाढवते.

शाकाहाऱ्यांनी 'कॉम चाय' लिहिलेली खाणावळ शोधावी. इतरत्र भाजीतही माशाचा सॉस पडतो. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला शाकाहारी जेवण बऱ्याच ठिकाणी मिळते. तिखट, तूरडाळ आणि छोटा कुकर घरून न्या, भात तिथे भरपूर आहे. दुचाकी भाड्याने लगेच मिळते, पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या कराराखालचा आहे आणि व्हिएतनाम १९६८ च्या कराराखालचा मानतो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. स्थानिक परवाना मिळेपर्यंत ग्रॅब या मोबाइल ॲपवरून चालकासह बाइक बोलवा. आणि रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहा, वाहने उजव्या बाजूने चालतात.

नोकरी सोडताना नोटिशीचा कालावधी पाळा. तारखा, पद आणि तास लिहिलेले शिक्क्याचे अनुभवपत्र, वर्षभराच्या करकपातीचा दाखला आणि सामाजिक विम्याची नोंद हे तीन कागद शेवटचा पगार होण्याआधीच मागा. देश सोडताना विम्याची रक्कम एकरकमी परत मागता येते. तो अर्ज तिथे असतानाच करा, आर्वीत परतल्यावर त्यामागे लागणे फार अवघड जाते.